पुढचा भाग काढा, पण मागचा बुजवू नका
(लांज्यातल्या जुन्या गेमवाल्यांचा जाहीरनामा)

आम्ही लांजा शहरातले आणि तालुक्यातले व्हिडिओ गेम खेळणारे लोक. तिशी-चाळिशीतले. कोणी बाजारपेठेत दुकान चालवतो, कोणी शाळेत शिकवतो, निम्मे मुंबईत नोकरीला. आमच्या मंडळाला अजून नाव नाही, नोंदणी नाही आणि म्हणून अध्यक्षपदासाठी भांडणही नाही. म्हणणं मात्र पक्कं आहे. ज्या खेळांवर आम्ही वाढलो त्यांचे नवे भाग जरूर निघावेत. पण नव्या भागाने जुन्याला मारू नये, आणि जुन्याचं नाव लावून भलताच माल आमच्या गळ्यात मारू नये.

पुढचा भाग कसा असावा हे आम्हाला नमनाने शिकवलं आहे. आमच्या भागात नमन-खेळे हे लोकनाट्य दरवर्षी होतं. गण हवाच, गौळण हवीच, संकासुर यायलाच हवा. वग मात्र नवा. गेल्या वर्षीचाच वग लावला तर लोक अर्ध्यातून उठतात, आणि नवं काही करायच्या नादात संकासुरच गाळला तर पुढच्या वर्षी त्या मंडळाला सुपारी मिळत नाही. खेड्यातल्या मृदंगवाल्याला जे कळतं ते कोट्यवधी डॉलर ओतणाऱ्या कंपन्यांना का कळू नये?

प्रिन्स ऑफ पर्शियाचंच घ्या. जॉर्डन मेकनरने १९८९ साली तो केला तेव्हा आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल काढली. म्हणून तो कडेला लोंबकळला की आपल्या पोटात गोळा यायचा. २००३ चा सँड्स ऑफ टाइम हा आमच्या मते आदर्श पुढचा भाग. खेळ त्रिमितीत गेला, वेळ मागे फिरवायचा खंजीर आला, पण ती उडी तीच राहिली. पुढच्याच वर्षी वॉरियर विदिन आला. राजपुत्र एकदम चिडका, मागे कर्कश गिटार. यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते राहतील. या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्याचं मत असं, की लढाई सुधारली आणि माणूस हरवला.

आता घरचं दुखणं. राजपुत्राचे हे खेळ काढणाऱ्या युबिसॉफ्टने २००८ साली गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला, पुढे मुंबईतही स्टुडिओ उघडला. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की सँड्स ऑफ टाइमचं नवं रूप पुणे आणि मुंबईत घडतं आहे. आपल्या पोरांच्या हातून आपला राजपुत्र! पण पहिली झलक आली आणि जगभरच्या चाहत्यांनी तिची टिंगल केली. चेहरे मेणाचे, रंग उडालेले. खरं सांगायचं तर झलक वाईटच होती. २१ जानेवारी २०२१ ही तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं. तो खेळ आमच्या हातात पडलाच नाही. जिथे मूळ खेळ करणाऱ्या स्टुडिओचं नाव जगाला पाठ, तिथे नवख्या चमूला पुरेसा वेळ द्यावा लागतो. चार महिन्यांवरची तारीख जाहीर करून टाकणं ही पुण्यातल्या पोरांची चूक नव्हे. पुढच्या खेपेला हसण्याआधी आम्ही हे लक्षात ठेवणार आहोत.

उलट जानेवारी २०२४ चा द लॉस्ट क्राउन पाहा. खेळ पुन्हा बाजूने दिसणारा, १९८९ सारखा. नायक बदलला, सरगॉन आला, पण जीव तोच. आणि कंपनीने त्याला फारसी आवाज दिले. पर्शियाचा राजपुत्र पस्तीस वर्षांनी आपल्या भाषेत बोलला. एवढं करूनही खप अपेक्षेइतका झाला नाही आणि तो करणाऱ्या चमूची पांगापांग झाली. म्हणून चांगला पुढचा भाग पूर्ण पैसे देऊन विकत घेणं हे या चळवळीचं पहिलं कर्तव्य ठरवत आहोत. नुसत्या शिव्या कोणीही देईल.

आता जीटीए. त्यातल्या व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास यांनी सायबर कॅफेत आमचे किती तास खाल्ले ते घरच्यांना न कळलेलं बरं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने जुन्या तीन खेळांची नवी आवृत्ती आणली. पात्रांचे चेहरे सुजलेले, पाट्यांवरची अक्षरं चुकलेली. आणि पाऊस! पडद्यावर पांढऱ्या रेघा ओढाव्यात तसा, समोरचा रस्ताच दिसेना. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या तालुक्याला त्यांनी हा पाऊस दाखवावा! कंपनीने माफी मागितली. पण आमचा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नवी आवृत्ती विकायची म्हणून जुने खेळ ऑनलाइन दुकानातून काढून टाकले होते. लोक खवळले तेव्हा ते परत ठेवले. त्याआधी २०१४ मध्ये एका अपडेटने सॅन अँड्रियासच्या रेडिओवरची बरीच गाणी गायब केली, कारण त्यांच्या परवान्याची मुदत संपली होती. विकत घेतलेल्या खेळातून मागाहून गाणी काढून नेणं आम्हाला मान्य नाही.

जीटीए सहाची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ वर आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलली. चौपदरीकरणाच्या तारखा ऐकत मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना याचं काय नवल? उशीर चालेल, २०२१ ची घाई नको. मात्र तो आधी फक्त कन्सोलसाठी जाहीर केला आणि कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही, याचा निषेध.

नीड फॉर स्पीडबद्दल थोडक्यात. २००५ चा मोस्ट वाँटेड होता, २०१२ साली त्याच नावाने दुसरा आला. त्यात ना खलनायक रेझर, ना बदला, ना गोष्ट. आणि कार्बन, अंडरकव्हर, द रन हे जुने भाग २०२१ मध्ये विक्रीतूनच काढले.

जुन्या चाहत्यांनी गप्प बसावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी क्रिकेट ०७ आठवावा. तो काढणाऱ्या ईए कंपनीने त्याचा पुढचा भाग काढलाच नाही. तो लोकांनी काढला. आयपीएल २००८ साली सुरू झाली, पण तिचे संघ, जर्सी, खेळाडू त्या २००६ च्या खेळात चाहत्यांनी पॅच लिहून घातले. एज ऑफ एम्पायर्स २ चं तर याहून पुढे गेलं. हौशी चाहत्यांच्या टोळीने त्याला स्वतःची पुरवणी केली, मायक्रोसॉफ्टने ती २०१३ मध्ये अधिकृत केली, त्याच टोळीचा फरगॉटन एम्पायर्स हा स्टुडिओ झाला आणि २०१९ च्या नव्या आवृत्तीत त्यांचाच मोठा हात. १९९९ चा खेळ आजही नव्या पुरवण्यांसह जिवंत आहे, कारण ज्यांचा त्यावर जीव होता त्यांच्या हातात तो गेला.

तेव्हा आमच्या मागण्या. नवा भाग आला तरी जुना विक्रीत राहिला पाहिजे, आणि विकत घेतलेला खेळ कंपनीने सर्व्हर बंद केले तरी चालला पाहिजे. युबिसॉफ्टने द क्रू हा खेळ ३१ मार्च २०२४ ला बंद केला आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या हातात काही उरलं नाही. त्यावरून रॉस स्कॉटने सुरू केलेल्या मोहिमेला युरोपात दहा लाखांवर सह्या मिळाल्या. आम्ही स्वतःला त्या मोहिमेचे लांज्याचे पाईक समजतो. एकट्याने खेळायचा खेळ नेटशिवाय चालावा. आमच्या तालुक्यातल्या माचाळला पावसात तारेवर एक फांदी पडली की नेट गेलं, मग घरातल्या राजपुत्राने उडी मारायला परदेशातल्या सर्व्हरची परवानगी का मागावी? आणि मराठी. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये राजी हा देखणा खेळ केला, तो आला तेव्हा त्यातली दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते. २००९ च्या एम्पायर: टोटल वॉरमध्ये मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं, मेनू मराठीत वाचता येत नाही. फारसी जमली तर मराठीही जमेल. आवाज नंतर द्या, आधी खाली अक्षरं तरी द्या.

आम्ही काय करणार? खेळ बाजारात येण्याआधी त्याचे पैसे भरणार नाही. आपल्यापैकी कोणीतरी तो पुरा खेळून चांगला आहे म्हणेपर्यंत थांबू. जुन्या खेळांच्या संवादांचं मराठी करायला घेऊ. आणि लांज्यात एका खोलीत जुने कॉम्प्युटर मांडून पोरांना मूळ खेळ खेळायला देऊ, म्हणजे पुढचा भाग आला की तो कशाचा पुढचा आहे हे त्यांना ठाऊक असेल.

त्यासाठी सामान लागेल. चाकरमान्यांनो, गणपतीला गावी याल तेव्हा माळ्यावर चढा. जुना सीपीयू, फुगलेला मॉनिटर, सीडींचं पाकीट, टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेट, जे सापडेल ते भंगारवाल्याला देऊ नका. आमच्याकडे आणून द्या. चालत नसेल तरी आणा, आमच्यात दुरुस्ती करणारे आहेत.