दहावीनंतर काय? घर तपासण्याची विद्या

आपल्या एडवणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात स्लॅबच्या घराला तडे लवकर का जातात? खाऱ्या हवेतले मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. गवंडी गिलावा मारून पैसे घेतो. आत गंज चालूच!

हा रोग ओळखणे म्हणजे इमारत-पाहणी. विलायतेत तिची वेगळी पदवी आहे. आपल्याकडे वाट स्थापत्य अभियांत्रिकीची: दहावीनंतर तंत्रनिकेतनात ३ वर्षांची पदविका, पुढे हवे तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआयचा २ वर्षांचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मात्र मोजणीचा; तो भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या जागेसाठी उपयोगी.

कामाला तोटा नाही. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. आणि लांब कशाला? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले. तेव्हा भेगाळलेल्या घरात निजावे की अंगणात, हे सांगणारा जाणकार पाड्यापाड्यावर हवा होता.

गणिताची गोडी असलेली मुलगी घरात असेल, तर तिचाही अर्ज भरा. दहावीच्या निकालाआधीच जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. मागाहून तहसीलला गर्दी उसळते.