नव्वद दिवसांचा पाहुणा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'लोकनियुक्त सरकार लष्कराने उलथून टाकणे कधी समर्थनीय ठरू शकते काय?' मी अनुकूल बाजूने बोललो. भ्रष्टाचार, भाववाढ, दंगली अशी यादी वाचली आणि शेवटी, 'घर पेटले असता पाणी कुणाच्या विहिरीचे, हे कोणी विचारत नाही,' असे वाक्य ठोकून दिले. टाळ्या पडल्या. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले.

घरी आजोबांना भाषण म्हणून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "लष्कराला आणायचं का, ते सांगितलंस. परत कसं पाठवायचं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता माझे मतच बदलले. म्हणून हा लेख.

माझ्या बाजूला बळकटी देणारे उदाहरण मला शेजारीच सापडले. ७ मार्च १९७७ रोजी पाकिस्तानात राष्ट्रीय सभेची निवडणूक झाली. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पक्षाला २०० पैकी १५५ जागा मिळाल्याचे जाहीर झाले. नऊ विरोधी पक्षांच्या आघाडीने 'मतांची चोरी झाली' म्हणून आंदोलन पुकारले. भुट्टो काही लोकशाहीचे पुतळे नव्हते. १९७३ मध्ये त्यांनी बलुचिस्तानचे निवडून आलेले प्रांतिक सरकार बरखास्त केले होते. १९७५ मध्ये एका प्रमुख विरोधी पक्षावर बंदी घातली होती. रस्त्यावर रक्त सांडले, शहरांत संचारबंदी आली. ५ जुलैला जनरल झिया उल हक यांनी सत्ता हाती घेतली आणि नव्वद दिवसांत निवडणुका घेण्याचे वचन दिले. लष्करी हस्तक्षेप कुठे क्षम्य ठरायचा असेल, तर तो येथेच, असे कोणालाही वाटावे.

पुढे काय घडले? ऑक्टोबरमधील निवडणूक पुढे ढकलली गेली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'राज्याची निकड' म्हणून या कृतीवर शिक्कामोर्तब केले. ४ एप्रिल १९७९ रोजी भुट्टोंना फाशी दिली गेली. त्यांना न्याय्य रीतीने खटला चालवून मिळाला नाही, हे मत त्याच सर्वोच्च न्यायालयाने दिले, पण मार्च २०२४ मध्ये! १९८१ साली न्यायाधीशांना लष्करी राजवटीच्या नव्या हुकुमाखाली शपथ घ्यायला सांगण्यात आले. ज्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १९७७ चा निकाल दिला, त्या सरन्यायाधीश अन्वारुल हक यांनी ती नाकारली आणि पद सोडले. आपणच उघडलेल्या दारातून त्यांना बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी भुट्टोंच्या पक्षाबरोबर लोकशाहीच्या मागणीसाठी एक नवी आघाडी उभी राहिली. तीत कोण होते? चार वर्षांपूर्वी भुट्टोंविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या पक्षांपैकीच काही! नव्वद दिवसांचा पाहुणा अकरा वर्षे राहिला. १७ ऑगस्ट १९८८ रोजी विमान कोसळून झियांचा मृत्यू झाला, तेव्हाच तो गेला.

आता योगायोग पाहा. त्याच मार्च १९७७ मध्ये आपल्याकडेही निवडणूक झाली. आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात गेले होते, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. तरी एकही सैनिक छावणीबाहेर न पडता सरकार गेले; खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. आजोबांनीही तेव्हा मत दिले होते.

यावर कोणी म्हणेल, 'आपल्याकडे मतपेटी खरी होती. जेथे मतपेटीच चोरली जाते, तेथे काय करायचे?' प्रश्न अवघड आहे, तो मी टाळणार नाही. परंतु पाकिस्तानात सरकार आणि विरोधक फेरनिवडणुकीसाठी वाटाघाटी करीत होते आणि तडजोड जवळ आली होती. लोकांच्या रेट्यानेच भुट्टोंना त्या टेबलाशी बसवले होते. वाट लांबची होती, पण ती बंद नव्हती. ती लष्कराने बंद केली. कोणी पोर्तुगालकडेही बोट दाखवील. तेथे १९७४ मध्ये सैनिकांनी राजवट उलथली आणि बरोबर वर्षाने निवडणूक घेतली. मान्य, पण ती राजवट हुकूमशाहीची होती. जे लोकांच्या हाती नव्हतेच, ते तेथे लोकांना मिळाले. निवडून आलेले सरकार पाडताना मात्र लोकांच्या हातातले काढून घेतले जाते.

वाईट लोकनियुक्त सरकारला निदान मुदत असते, आणि तिच्या आतही त्याला जाब विचारता येतो. बंदुकीच्या सरकारला मुदत तेच ठरवते. विहिरीचे ते वाक्य आता मला पोकळ वाटते. पाणी कुणाच्या विहिरीचे, हे विचारलेच पाहिजे; कारण आग विझल्यावर विहिरीचा मालक घरातच मुक्काम ठोकतो आणि घरच्यांना अंगणात झोपावे लागते.

पुन्हा तो विषय निघाला, तर मी प्रतिकूल बाजूने उभा राहीन. टाळ्या थोड्या कमी पडल्या तरी चालतील.