पाहिल्यावाचून निकाल

परदेशी महोत्सवांत गाजलेल्या एखाद्या नाट्यचित्राविषयी किंवा अनुबोधपटाविषयी समीक्षकाने चार शब्द लिहिले, की आपल्या देवस्थानी मंडळींत दोन मते तत्काळ तयार होतात. एक म्हणते, हे सारे आपल्या धर्मावर घसरणारे लोक. त्यांचे वाचावयासही नको. दुसरे म्हणते, व्हेनिसने बक्षीस दिले आहे, तेव्हा त्यात काहीतरी असलेच पाहिजे. ही मते परस्परविरुद्ध दिसतात खरी, पण दोन्ही पक्षांनी चित्र पाहिलेले नसते. पहिल्याने निषेध उसना घेतलेला असतो, दुसऱ्याने स्तुती.

ज्या कल्याणनगरीत चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, त्या गावी वकिली करणाऱ्या माणसास ही रीत विशेष बोचते. वारसाहक्काच्या दाव्यांत आपण या ग्रंथाचे नाव घेतो. परंतु याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायावरील त्याचे विवेचन वारसापुरते नाही. व्यवहाराचे, म्हणजे दाव्याचे, चार पाद तेथे सांगितले आहेत : भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धी. वादीने आपले म्हणणे प्रतिवादीसमक्ष नोंदवावे. ते ऐकून प्रतिवादीने उत्तर द्यावे. मग प्रमाणे पुढे यावीत आणि शेवटी निर्णय व्हावा. आठ-नऊ शतकांपूर्वी या भूमीत लिहिला गेलेला हा क्रम आपण जमिनीच्या बांधासाठी पाळतो, आणि कलाकृतीच्या बाबतीत मात्र चौथ्या पादावर थेट उडी मारतो!

उदाहरण दूरचे नको, गोव्यातलेच घेऊ. २०१७ च्या नोव्हेंबरात पणजीस भरलेल्या ४८ व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी परीक्षक मंडळाने निवडलेल्या यादीतून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने दोन चित्रे वगळली. एक रवी जाधव यांचे मराठी 'न्यूड'. दुसरे सनलकुमार शशिधरन यांचे मल्याळी 'एस दुर्गा', ज्याला त्याच वर्षी रॉटरडॅमच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयाने 'एस दुर्गा' दाखवावा असा आदेश दिला. पण शीर्षकाच्या मुद्द्यावर त्याचे प्रमाणपत्र पुन्हा वादात सापडले आणि महोत्सव त्या चित्राविना संपला. 'न्यूड'ला पुढे प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले व २०१८ मध्ये ते चित्रगृहांत झळकले. मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत चित्रकारांपुढे विवस्त्र बसणाऱ्या एका कष्टकरी आईची ती कथा आहे. ज्यांनी केवळ नाव ऐकून नाक मुरडले, त्यांच्यापैकी कितीजणांना ती आई भेटली असेल?

'एस दुर्गा'चे मूळ नाव देवीच्या नावास एक इंग्रजी विशेषण जोडून केलेले होते. ते भाविकास झोंबणारे आहे, हे मी नाकारीत नाही. दिग्दर्शकाने ते जाणूनबुजून ठेवले होते, आणि त्या निवडीची झडती घेण्याचा अधिकार प्रेक्षकास आहेच. पण झडती घ्यावयाची तर चित्रात काय आहे ते पाहावे लागते. त्यात केरळातील काली-उपासनेचा 'गरुडन तूक्कम' हा विधी अनुबोधपटाच्या पद्धतीने टिपला आहे. पाठीत आकडे रोवून घेऊन लोंबकळणारे भक्त त्यात दिसतात. त्याच वेळी दुर्गा नावाची एक तरुणी कबीर नावाच्या सोबत्याबरोबर रात्रीच्या रस्त्यावर वाहनाची वाट पाहते, आणि ज्यांच्या गाडीत ती बसते ते पुरुष तिला भीतीने गोठवून टाकतात. मंदिरातील दुर्गेपुढे देह टोचून घेणारा समाज रस्त्यावरील दुर्गेशी कसा वागतो, असा प्रश्न ते चित्र विचारते. हा प्रश्न देवीद्रोहाचा आहे काय? देवीमाहात्म्याच्या पारायणास बसणाऱ्या घरांनी तो सर्वांआधी विचारावयास हवा होता.

नावावरून कापाकापी करण्याची खोड आपल्या राज्यकर्त्यांस कोठून लागली, हेही आठवावे. १९३५ मध्ये प्रभात कंपनीने एकनाथ महाराजांवर बोलपट काढला. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्याचे नाव 'महात्मा' ठेवले होते. परकीय सरकारच्या सेन्सॉरला त्या शब्दात गांधीजी दिसले, आणि बोलपटाचे 'धर्मात्मा' झाले. १९२१ च्या 'भक्त विदुर' या मूकपटावरही तशाच कारणाने काही प्रांतांत बंदी आली. ज्या शस्त्राने आपल्या संतचरित्रांवर वार केला, तेच आज आपण धर्मरक्षणाचे साधन म्हणून हाती धरावे, यासारखा विपर्यास नाही.

कायद्याचे माप काय आहे, तेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे मत दिले, की शब्दांचा परिणाम जोखताना विवेकी, खंबीर व धीट माणसाचे मन प्रमाण धरावे. प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणाऱ्या दुबळ्या मनाचे नव्हे. 'तमस' मालिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच माप स्वीकारले. पुढच्याच वर्षी रंगराजन खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की निदर्शनांच्या धमकीपुढे शासनाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य गहाण टाकता कामा नये. मी माझ्या समाजबांधवांस विचारतो : न्यायालय आपल्याला खंबीर मनाचे गृहीत धरीत असताना, आमच्या भावना काचेच्या आहेत असा अर्ज आपण स्वतःच का करावा?

आता समीक्षकाची पाळी. तोही निर्दोष नाही. चित्रावर बंदी आली की त्याच्या लेखी ते आपोआप थोर ठरते. निर्बंधाचा निषेध आणि कलेचे मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो विसरतो. 'एस दुर्गा'वर लिहिताना शीर्षकातील डिवचणी कथेला आवश्यक होती काय, हा साधा प्रश्न त्याने विचारावयास हवा होता. देवळातील विधी पडद्यावर दिसला, की त्यास अंधश्रद्धा अथवा अद्भुत देखावा यांपलीकडे तिसरा शब्द सुचत नाही. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रास २०२५ मध्ये अमेरिकेतील सन्डान्स महोत्सवात जागतिक नाट्यचित्रांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात पित्याच्या मृत्यूनंतरचे दहा दिवस पाळण्यासाठी गावी आलेला मुंबईकर मुलगा आहे, आणि गावच्या शेतकरी मित्राशी जुळणारे त्याचे प्रेम आहे. समीक्षा या प्रेमाचे नाव घेऊन थांबते, निंदकही त्याच नावाशी थांबतात. सुतकाच्या दहा दिवसांनी त्या दोघांना कोणता अवकाश दिला व कोणता नाकारला, हे दोघांनाही सांगावेसे वाटत नाही. आणि तेच तर त्या कथेचे घर आहे.

अनुबोधपटाच्या बाबतीत समीक्षकाची जबाबदारी अधिक कठीण होते. कॅमेऱ्यासमोर घडले ते सत्य, असा एक भाबडा समज आहे. वकील जाणतो, की साक्षीदार खरे बोलत असला तरी कोणता साक्षीदार बोलवावा हे बोलावणाराच ठरवितो. म्हणून अनुबोधपटाचा उलटतपास व्हावा. पण उलटतपास घेणाऱ्यास साक्ष आधी ऐकावी लागते. आनंद पटवर्धन यांच्या १९९२ च्या 'राम के नाम' या अनुबोधपटास हिंदुविरोधी म्हणणाऱ्या किती जणांस ठाऊक आहे, की त्यातला सर्वांत स्वच्छ आवाज रामलल्लाच्या एका पुजाऱ्याचा आहे? न्यायालयाने नेमलेले ते पुजारी लालदास. द्वेषास धर्म म्हणावयास त्यांनी नकार दिला. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. पटवर्धनांचे राजकारण कोणास पटो वा न पटो. एका पुजाऱ्याची ही साक्ष देवस्थानांच्या समाजाने न ऐकता फेटाळावी, हे आपल्याला शोभत नाही.

वस्तुतः रंगभूमी व चित्रपट यांच्याशी देवळाचे नाते वैराचे कधीच नव्हते. गोमंतकात व दक्षिण कोकणात दशावतार रंगतो तो देवळाच्या प्रांगणात, जत्रेच्या रात्री. महाराष्ट्रात तंबूतला सिनेमा जगला तोही जत्रांच्या आधाराने. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी त्या फिरत्या तंबूंवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा अनुबोधपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला गौरविला गेला. त्याचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एका मुसलमान कलावंताच्या हातून तुकोबा पडद्यावर उभे राहिले आणि वारकऱ्यांनी ते डोक्यावर घेतले, कारण त्यांनी ते पाहिले होते.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. देवस्थानांच्या समित्यांनी निषेधाचे ठराव करण्यापूर्वी ते चित्र प्रमाणपत्राच्या अटी पाळून आपल्या सभागृहात दाखवावे. समीक्षकानेही महोत्सवाचे बिल्ले उतरवून तेथे यावे आणि पुजाऱ्याच्या, कीर्तनकाराच्या व घरातील लेकीसुनांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. आक्षेप नेमका सांगितला जावा, चित्राला त्याचे उत्तर देऊ द्यावे, दृश्यांची प्रमाणे तपासावीत, आणि मग ज्याला जो निकाल द्यावयाचा तो त्याने द्यावा. तो निकाल प्रतिकूल असला तरी त्यापुढे मी मान झुकवीन. पण पहिले तीन पाद गाळून चौथ्यावर उभा केलेला निकाल कोणी धर्माच्या नावाने दिला काय, अथवा कलेच्या नावाने दिला काय, तो निकाल नव्हे. ती केवळ अफवा होय, आणि अफवेपुढे मान झुकविण्याचे बंधन कोणत्याही स्मृतीने आपल्यावर घातलेले नाही.