चाँदरात आणि मोबाइलमधली तारीख

एकोणतिसावा रोजा सुटला की मोहल्ल्यातल्या गच्च्यांवर माणसे चढतात. पश्चिमेकडे डोळे लावून काही मिनिटे जातात, कुणाला तरी फोन येतो, मग मशिदीतून पुकारा होतो. ईद उद्या की परवा, हे तेव्हा ठरते. खिशातल्या मोबाइलने मात्र ते कित्येक महिने आधीच ठरवून टाकलेले असते.

हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा, वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ साली महाराष्ट्रात ३० रोजे पूर्ण होऊन ११ एप्रिलला ईद झाली, तर २०२५ साली २९ रोज्यांनंतर ३१ मार्चला. ऑफिसच्या डिजिटल कॅलेंडरमध्ये २०२४ची ईद नोंदवताना कुणी 'दरवर्षी' हा पर्याय निवडला असेल, तर पुढच्या वर्षी शिरखुर्म्याची पातेली घासून ठेवल्यावर अकरा दिवसांनी त्याच्या पडद्यावर ईद उगवली असेल. २६ जानेवारीसाठी केलेली सोय चंद्राला लागू पडत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. काही प्रोग्राम ठरावीक गणिताने हिजरी तारीख काढतात, काही सौदीचे उम्म अल-कुरा कॅलेंडर वापरतात. मायक्रोसॉफ्टने तर आपल्या एका हिजरी कॅलेंडरमध्ये तारीख दोन दिवसांपर्यंत मागेपुढे करण्याची सोयच ठेवली आहे. अडचण होते ती यादी भरणाऱ्या माणसापाशी. कोकणातल्या ज्या घरांतली मुले आखातात आहेत, तिथे मोबाइलमध्ये दोन्ही देशांच्या सुट्ट्या जोडलेल्या असतात आणि लागोपाठ दोन दिवस ईद दिसते. त्या घरांना त्याचे काही वाटत नाही, कारण एक ईद व्हिडिओ कॉलवर आणि दुसरी दारात, असेच त्यांचे चाललेले असते. पण दुसऱ्या शहरातल्या मुख्यालयात बसून जानेवारीतच वर्षाची यादी भरणाऱ्याला हा फरक कळत नाही. चंद्र एक दिवस उशिरा दिसला, की सुट्टी तिसाव्या रोज्याला मिळते आणि ईदच्या सकाळी नमाज आटोपून माणूस कामावर धावतो. रोजंदारीवरच्या माणसाचा तर दिवसच बुडतो.

सण आणि सुट्टी या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हेही लक्षात घेतले जात नाही. २०२४ साली ईद-ए-मिलाद १६ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ला होती. विसर्जनाच्या गर्दीत अडचण नको म्हणून मुंबईत मुस्लिम संघटनांनीच जुलूस पुढे नेला आणि राज्य सरकारने मुंबई शहर व उपनगराची सुट्टी १८ तारखेला केली. २०२५ साली पुन्हा तसेच झाले. ५ सप्टेंबरची सुट्टी ८ला गेली. इतक्या समजुतीने घेतलेला निर्णय ज्या कॅलेंडरमध्ये पोहोचलाच नाही, तिथे तीच तारीख चुकीची राहिली.

उपाय अवघड नाही. यादीची फाइल एकदाच उतरवून घेतली तर ती आहे तशीच गोठते. तिच्या दुव्याचे सदस्यत्व घेतले तर मूळ यादीतला बदल आपोआप येतो. डिजिटल कॅलेंडरच्या सर्वमान्य मांडणीत एखादी नोंद 'संभाव्य' म्हणून ठेवण्याची जागाही आहे. ईदपुढे तो शब्द असायलाच हवा. छापील कॅलेंडरात 'चंद्रदर्शनावर अवलंबून' ही ओळ वाचून पिढ्यान् पिढ्या दोन दिवस मोकळे ठेवत आल्याच आहेत. आता शाळांनी, बँकांनी आणि ऑफिसांनी ईदच्या नोंदीशेजारी दुसऱ्या दिवसाचीही 'संभाव्य' नोंद करावी, त्या दिवशी परीक्षा किंवा मुलाखत लावू नये, आणि चाँदरातीला ती यादी दुरुस्त करण्याचे काम एखाद्या माणसाकडे नावानिशी सोपवावे. हे काम रात्री आठ-नऊच्या सुमारास, पाच मिनिटांत होते.