नावे, रेषा आणि लाकडी ठसे

भोर-वेल्ह्याचे दुर्ग पाहणाऱ्यांनी झरीना हाश्मी (१९३७-२०२०) यांची मुद्राचित्रेही पाहावीत, असे माझे ठाम मत आहे.

१. मुरुंबदेवाच्या डोंगराचा शिवरायांनी राजगड केला. तोरण्यास प्रचंडगड म्हटले. १७०४ मध्ये औरंगजेबाने हे गड घेऊन त्यांची नावे नबीशाहगड आणि फुतूहुल्गैब अशी ठेवली. लोकांच्या तोंडी मात्र राजगड आणि तोरणाच राहिले. वेल्हे तालुक्यास राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नामांतराचा हा इतिहास आजही सुरू आहे.

२. झरीना अलिगढच्या. फाळणीनंतर कुटुंब कराचीस गेले. त्या स्वतः देशोदेशी फिरत न्यूयॉर्कला स्थिरावल्या. त्यांच्या १९९९ च्या ३६ लाकडी ठसाचित्रांत घराशी निगडित एकेक उर्दू शब्द नस्तालिक लिपीत आहे. सोबतच्या आकृत्यांत इस्लामी वास्तुकलेच्या भूमितीची शिस्त दिसते.

३. २००१ च्या 'डिव्हायडिंग लाइन' या ठसाचित्रात भारत-पाकिस्तान सीमा आहे. ती रेषा कोरलेली नाही. भोवतालचे लाकूड खोदून काढल्यावर ती उरली आहे. सीमा आखताना काय खरवडले जाते, हे ती कृतीच सांगते.

४. म्हणून या कलेला 'इस्लामी' अशी चिठ्ठी लावून बाजूला सारणे मला अमान्य आहे. गावा-गडांची नावे बदलणाऱ्यांचा इतिहास फर्मानांत आणि बखरींत सापडतो. ज्यांचे गावच सुटले, त्यांचा इतिहास अशा कागदांवर उमटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही साधने सारख्याच चिकित्सेने वाचायला हवीत.