ओपीडीतला टक्का आणि गावातला टक्का

भारतात सोरायसिस किती, असं कुणी विचारलं की ०.४४ ते २.८ टक्के हे आकडे आपल्या तोंडी तयार असतात. ते बहुतांशी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांतल्या नोंदींवरून आले आहेत, हे मात्र सांगायचं राहून जातं. मुळशीतल्या भरे गावचा कामगार कोपरावरच्या खपल्यांसाठी शिफ्ट बुडवून पुण्याला येत नाही. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणतो, खाज थांबली की विसरतो. आपल्या आकड्यांत तो कुठेच नसतो.

अशा आकड्यांशेजारी आपण एचएलए-सी*०६:०२ या जनुकीय खुणेची वारंवारता मांडतो आणि नातं शोधतो. ही खूण खरी आहे, यात वाद नाही. एचएलएशी संबंध १९७२ पासून माहीत आहे, २००६ मध्ये बोट नेमकं याच जनुकावर ठेवलं गेलं. तिचे वाहक लहान वयात, कधी घशाच्या संसर्गानंतर गटेट पुरळ घेऊन येतात. नखं त्यांची त्या मानाने कमी बिघडतात. परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या संस्थेने मुंबईच्या रुग्णांचे एचएलए-प्रकार तपासले, ते काम मोलाचंच.

पण बहुसंख्य वाहकांना आजार कधी होतच नाही. जपानमध्ये खूण कमी आणि सोरायसिसही कमी, हे गणित छान जुळतं. आफ्रिकेच्या काही भागांत मात्र खूण दुर्मीळ नसूनही नोंदलेला आजार थोडा. त्यात आपलं अपयश किती? गर्द कातडीवर लाली जांभळट-तपकिरी दिसते आणि पुस्तकातला गुलाबी चट्टा शोधणारा डॉक्टर ‘एक्झिमा’ लिहून मोकळा होतो. मुळशीतही हेच घडत असणार.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: एचएलएच्या किटवर पैसा घालण्याआधी घरोघर जाऊन कातडी पाहा. पुण्याच्या केईएमने वढूच्या परिसरात लोकसंख्येची नोंद सातत्याने ठेवून दाखवली आहे. तसा पाया असेल तिथे त्वचेची तपासणी जोडता येईल. मुंबईच्या रुग्णांवरून कातकरी वस्तीचा अंदाज बांधू नका, कातकऱ्यांची नोंद वेगळी ठेवा. टाळू, कानामागची घडी, बेंबी, नितंबांमधली फट आणि नखं पाहिल्याशिवाय ‘नाही’ लिहू नका. सुरुवातीचं वय आणि गेल्या महिन्यात लावलेल्या ट्यूबचं नाव, हे दोन रकाने फॉर्मवर हवेतच. रक्ताचा नमुना त्यानंतर, आणि तोही निरोगी शेजाऱ्याच्या नमुन्यासह.