सहाशे मिलिमीटरची लेन्स मागणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

मंडळी, गेल्या दोन महिन्यांत ग्रुपवर हा प्रश्न तिसऱ्यांदा आला. दर वेळी कमेंटमध्ये तुकड्या-तुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

प्रश्न साधारण असा असतो: मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, विमानांचं नाहीतर पक्ष्यांचं वेड लागलंय, फोनवर नुसता ठिपका येतो म्हणून आता ६०० मि.मी.ची लेन्स हवीय. एवढे पैसे घालावेत का? खाली उत्तरंही ठरलेलीच. "आधी परीक्षा होऊ देत." "दोन महिन्यांत कपाटात पडेल बघ." आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात लिहितं, "विमानतळाच्या कुंपणापाशी आपल्या रंगाचं पोर तोफेसारखी लेन्स घेऊन उभं राहिलं तर?"

माझं मत आधीच सांगून टाकते. लेन्स द्या, सेकंडहँड द्या, आणि पहिलं वर्षभर तुम्ही स्वतः सोबत जा. पहिल्या दोन आक्षेपांना माझ्याकडे हिशेबाचं उत्तर आहे. तिसरा आक्षेप खरा आहे, त्यावर जरा जास्त बोलते.

आधी पैसे, कारण माझा धंदाच तो. मी इंग्लंडमध्ये राहते, म्हणून पौंडांत बोलते. लोकांच्या मनात जी लेन्स असते ती ६०० मि.मी. एफ ४. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला फोटोग्राफर घेऊन बसतात तसली. ती दहा हजार पौंडांच्या वर जाते आणि तुमच्या पोराला तिची काही गरज नाही. त्याला लागते सिग्माची १५०-६००, निकॉनची २००-५००, सोनीची २००-६००, या जातीची झूम. सिग्मावाली वापरलेली, चांगल्या स्थितीतली, साधारण पाचशे-सहाशे पौंडांच्या आसपास मिळते. सगळं जग मिररलेसकडे पळाल्यामुळे जुन्या डीएसएलआर बॉडी आणि त्यांच्या लेन्स स्वस्त झाल्यात, त्याचा फायदा घ्या. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत फार झपाट्याने उतरते, लेन्सची हळू. सेकंडहँड घेतलेली लेन्स दोन वर्षं नीट वापरून विकली तर तुमचा खरा खर्च म्हणजे मधला फरक. पियानोच्या क्लासला वर्षाला आपण काय भरतो ते आठवा आणि मग "कपाटात पडेल" हे वाक्य पुन्हा म्हणून बघा. कपाटात पडली तर विका!

तरी विश्वास नसेल तर आधी एका वीकेंडला भाड्याने आणा. तिचं वजन जवळपास दोन किलो, कॅमेरा वेगळा. तासाभरात दंड भरून येतात. ज्याला नुसती मिरवायला हवी असते तो तिथेच ओळखू येतो.

दोन गोष्टी मात्र बघा. नव्या लेन्सची किंमत इतरांपेक्षा फारच कमी दिसली तर ती बहुतेक ग्रे इम्पोर्ट असते, इथल्या कंपनीची वॉरंटी तिला मिळेलच असं नाही. आणि घराच्या इन्शुरन्समध्ये एकेका वस्तूची मर्यादा असते, शिवाय घराबाहेर चोरीला गेल्यास संरक्षण आहे का हेही वेगळं तपासावं लागतं.

एक करू नका: "परीक्षेत नाइन आले तर लेन्स." आम्ही ऑफिसात याला बोनस म्हणतो, आणि बोनसचं काय होतं ते मी रोज बघते. माणूस कामाऐवजी बोनसकडे बघायला लागतो. शिवाय मार्क नाही मिळाले तर काय, पाखरं बघणं बंद?

आता अभ्यासाचा मुद्दा. ६०० मि.मी.मधून आकाशाचा जेमतेम चार अंशांचा तुकडा दिसतो. उतरणाऱ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि वेडीवाकडी वळणं घेणारी पाकोळी तर त्या चौकटीत सापडतच नाही. मुलाला आधी नुसत्या डोळ्याने विमान धरावं लागतं, मग कॅमेरा डोळ्याशी न्यायचा, पाय जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवायचे, कमरेतून वळायचं आणि वळता वळता बटण दाबायचं. दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. याचा सराव पार्कातल्या बदकांवर, सीगलवर, अगदी रस्त्यावरच्या बसवर होतो.

शटरचं गणित त्याहून मजेदार. उडणाऱ्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो. तोच आकडा डक्सफर्डच्या एअर शोमध्ये स्पिटफायरला लावला तर पंखा थिजतो आणि विमान दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. तिथे दोनशेवा भाग, नाहीतर त्याहूनही हळू, आणि मग हात हलला की सगळं पुसट. काय सोडायचं आणि काय धरायचं हे पोर स्वतः ठरवतं. संध्याकाळी घरी येऊन आठशे फोटोंतले सातशे नव्वद स्वतःच्या हाताने डिलीट करतं. आमच्या पिढीला कुणी एवढं टाकून द्यायला शिकवलं होतं का? अजून माझ्या आईच्या माळ्यावर श्रीखंडाचे डबे आहेत.

आणि दोन हजार पौंडांची लेन्सही उन्हाळ्यातल्या दुपारच्या धावपट्टीवरच्या तापलेल्या, थरथरत्या हवेपुढे हरते. पहाटे उठावं लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाला शनिवारी पहाटे उठवणारा दुसरा छंद मला तरी माहीत नाही.

आता भीती. ती खोटी नाही. २००१ साली ग्रीसमध्ये कालामाता इथल्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच विमानवेड्यांना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं, शिक्षाही झाली, आणि पुढच्या वर्षी अपिलात ते निर्दोष सुटले. २०१५ मध्ये फुजैरात विमानतळाजवळ विमानांच्या नोंदी करणारे तीन ब्रिटिश सुमारे दोन महिने कोठडीत होते. ही बहुतेक अनुभवी, छंद नीट जाणणारी मोठी माणसं होती. म्हणून गल्फमधल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे विमानतळ, बंदर, सरकारी इमारत यांच्याकडे लेन्स वळवायचीच नाही, "सगळेच काढतात" म्हणून तर नाहीच. तुमच्या मुलाला पक्ष्यांकडे वळवा. दुबईच्या रास अल खोरला फ्लेमिंगो बघायला सरकारनेच आडोसे बांधून दिलेत.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळं आहे. सार्वजनिक जागेतून विमानाचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. हीथ्रोला हॅटन क्रॉस स्टेशनपासून चालत मर्टल अव्हेन्यूवर जा, गवतावर सगळ्या वयाचे, सगळ्या रंगांचे लोक डबा उघडून बसलेले असतात. पश्चिमेचा वारा असेल आणि दक्षिणेची धावपट्टी उतरायला वापरात असेल तर विमानं डोक्यावरून जातात, इतकी जवळून की ६०० मि.मी.मध्ये पंख कापले जातात, ७०-३०० पुरते. उतरायची धावपट्टी दुपारी तीनला बदलते, तेवढं बघून जा. पोलीस येऊन विचारू शकतात, दहशतवादविरोधी कायद्याखाली संशय असल्यास झडतीही घेऊ शकतात. फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार त्यांना नाही. मुलाला एवढंच शिकवा की हसून उत्तर द्यायचं, फोटो दाखवायचे, हुज्जत घालायची नाही. आणि तुम्ही खुर्ची टाकून शेजारी बसला असाल तर बहुतेक कुणी विचारायलाही येत नाही. मुलाला एकटं पाठवणं आणि घरी डांबणं, यांच्या मधला रस्ता तो आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मात्र आपल्याच देशात. सुट्टीत पुण्याला उतरलं की पोराला वाटतं, सुखोई! लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे कॅमेरा बॅगेतच राहू द्या, आजोबांनी कितीही सांगितलं की "काही होत नाही रे, काढ". १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून जिवंत आहे आणि तुमच्या हातात परदेशी पासपोर्ट आहे. त्याऐवजी भिगवणला न्या. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, होडीवाल्या काकांना कुठला पक्षी कुठे बसतो ते पाठ असतं. ठाणे खाडीत ऐरोलीहूनही होडी मिळते. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन निराश होऊ नका, तेव्हा रोहित नसतात. ख्रिसमसच्या सुट्टीत जमवा.

प्राण्या-पक्ष्यांच्या बाबतीत मी पोलिसांपेक्षा कडक आहे. लेन्स लांब असते ती आपण लांब राहावं म्हणून. रिचमंड पार्कात हरणांपासून किमान पन्नास मीटर अंतर ठेवायला सांगतात, तरी ऑक्टोबरमध्ये माजावर आलेल्या नराच्या तोंडाशी फोन घेऊन गेलेले बाबा दिसतात, कडेवर बाळ. खंड्याच्या घरट्याजवळ जाऊन त्याला त्रास देणं हा इथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. इन्स्टावरच्या लाइकसाठी तो करायचा नाही, हे आपणच सांगायचं.

"सोबत जा" म्हटलं की बाबा लोक वेळ नाही म्हणतात. २०१८ ची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धा बघा. दहा वर्षांखालच्या गटात पंजाबमधल्या मुलाचा फोटो जिंकला, पाइपात बसलेले दोन पिंगळे. पाइपात पक्षी शिरला म्हणून मुलगा सांगत होता, वडिलांना ते खरं वाटेना, तरी ते गाडीत त्याच्याबरोबर थांबले. कॅमेरा आणि लेन्सही वडिलांचीच, अर्ध्या उघड्या खिडकीवर टेकवलेली. या स्पर्धेत सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, तेही सांगून ठेवते.

वेल्समधल्या माख लूपबद्दल काहींनी विचारलं होतं. मॅखन्लेथ गावावरून पडलेलं नाव ते, वेगाच्या माखशी संबंध नाही. लढाऊ विमानं दरीतून अडीचशे फुटांपर्यंत खाली येतात, आपण डोंगरावर उभे, वैमानिकाचं हेल्मेट वरून दिसतं. वेळापत्रकाचा भरवसा नाही, अख्खा दिवस बसून एकही न येणं अगदी शक्य आहे. शनिवार-रविवार धरू नका, तेव्हा जवळपास काहीच उडत नाही. हाफ टर्ममधले सोमवार ते गुरुवार बरे. चढ उभा आहे, आजी-आजोबांना गाडीतच बसवा. पावसाची जाकिटं, थर्मास, थेपले सोबत घ्या, वर दुकान किंवा टॉयलेट काही नाही. आणि शेतकऱ्याचं फाटक उघडलंत की मागे लावून घ्या, आत मेंढ्या असतात.